लेकीचा गेम, 'चोर' म्हणणारी कमेंट आणि बाबाचा माउस

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, बॅकएंडचं (पडद्यामागच्या सर्व्हरचं) काम करतो. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. वर्षभर ती स्क्रॅचवर (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायचं मुलांसाठीचं संकेतस्थळ) गेम बनवते आणि तिथेच शेअर करते. गेल्या आठवड्यात तिने कोणाचा तरी आंबे झेलायचा गेम 'रीमिक्स' केला, म्हणजे त्याची प्रत घेऊन बदलला, तर त्याखाली एकाने इंग्रजीत 'चोर, माझा गेम ढापलास' अशी कमेंट टाकली. दोन दिवस रडारड. आता स्क्रॅचवर ओळख झालेल्या मुलांचा डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ग्रुप आहे म्हणे, तिलाही तिथे जायचंय. वय बसत नाही म्हटल्यावर 'जन्मसाल बदलून टाका ना बाबा' हा तिचा उपाय. माझी आई म्हणते, बंद करा ही थेरं, अभ्यासाचं बघा. मी घरात पाय-होल (नको त्या साइट आणि जाहिराती घरच्या नेटवर्कवरच अडवणारं सॉफ्टवेअर) बसवावं, किंवा तिच्या प्रोजेक्टवरच्या कमेंट आपोआप मला मेलवर येतील अशी स्क्रिप्ट लिहावी, असा विचार करतोय. आणखी एक. तिचा गेम अडला की मी मदतीला बसतो, पण दहा मिनिटांत 'तूच कर सगळं' म्हणून ती उठून जाते. मी माउस हातात घेऊन फक्त बरोबर पद्धत दाखवत असतो. तिचा पहिला गेम मी कौतुकाने लिंक्डइनवर टाकला होता, स्नेहसंमेलनातल्या फोटोसकट, तेव्हाही रुसली होती. कुठे चुकतंय?
— एक बाबा, पुणे

उत्तर : माउसची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. आम्ही तिथूनच सुरुवात करतो. उद्या कोणी तिच्याशी विचित्र बोललं, तर ती तुम्हाला सांगेल का? हे कुठल्या सेटिंगवर ठरत नाही. आज गेम अडल्यावर तिला तुम्हाला हाक मारावीशी वाटते का, त्यावर ठरतं. तुमच्या पत्रावरून तरी सध्या ती हाक मारून पस्तावते आहे.

तिचाच आंब्यांचा गेम घेऊ. अशा गेममध्ये हमखास येणारा बग (प्रोग्रॅममधली चूक) म्हणजे आंबा टोपलीत पडल्यावर एक गुण मिळायला हवा, आणि मिळतात बारा-पंधरा. आंब्याची स्क्रिप्ट (ब्लॉकची साखळी) साधारण अशी असते: 'फॉरेव्हर'च्या (सतत चालू ठेव) आत 'चेंज वाय बाय -५' (थोडं खाली सरक), त्याखाली 'इफ टचिंग बास्केट' (टोपलीला टेकला तर), आणि त्याच्या पोटात 'चेंज स्कोअर बाय १' (गुण एकाने वाढव). स्क्रॅचमध्ये असं लूप (पुन्हा पुन्हा चालणारा भाग) सेकंदाला साधारण ३० वेळा फिरतं. आंबा टोपलीला टेकल्यापासून खाली निघून जाईपर्यंत अर्धा सेकंद गेला, तर 'टेकलाय का?' हा प्रश्न पंधरा वेळा विचारला जातो आणि पंधराही वेळा उत्तर 'हो' येतं.

तुम्हाला हे तीन सेकंदांत दिसतं. दिसणारच, पगार त्याचाच मिळतो. मग माउस तुमच्याकडे येतो, 'स्कोअर' नावाच्या तीन व्हेरिएबलांतली (आकडा साठवायच्या जागांतली) दोन उडतात, एक कस्टम ब्लॉक तयार होतो, गेम चालायला लागतो आणि तिचा राहत नाही. ऑफिसात तुमच्या पुल रिक्वेस्टवर (तपासायला दिलेल्या कोडवर) एकही कमेंट न लिहिता कोणी सगळा कोड स्वतः नव्याने लिहून मर्ज केला, तर तुम्हीही उठून चहाला जाल.

त्याऐवजी असं बसा. लॅपटॉप तिच्यासमोर, तुमची खुर्ची बाजूला आणि थोडी मागे, इतकी की ट्रॅकपॅडपर्यंत हात सहज पोचू नये. पहिले तीन प्रश्न कायम तेच: काय व्हायला हवं होतं? काय झालं? दरवेळी होतं की कधी कधी? उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायचं. 'दरवेळी, पण कधी बारा, कधी पंधरा' असं ती म्हणाली, तर निम्मं काम झालं, कारण आकडा बदलतोय हे तिचं तिनेच टिपलं. मग एकच सूचना द्या: लूपच्या आत तात्पुरतं 'वेट ०.५ सेकंद' टाकून बघ. आता आंबा टप्प्याटप्प्याने खाली सरकतो आणि टोपलीत असेपर्यंत प्रत्येक टप्प्याला गुण एकेकाने चढताना डोळ्यांना दिसतो. इथे बहुतेक मुलं स्वतःच ओरडतात.

यावर तिचा उपाय बहुधा असा असेल: गुण वाढवल्यावर 'वेट १ सेकंद'. याने बग फक्त हळू होतो, सुटत नाही: थांबतं ते अख्खं लूप, म्हणून आंबाही टोपलीत अडकून बसतो आणि दर सेकंदाला पुन्हा एक गुण चढतो. तरी तिला करून बघू द्या. दोन दिवसांनी तिलाच ते खटकेल, आणि ती विचारेल तेव्हा सांगा की गुण वाढवल्या वाढवल्या आंब्याला वर पाठव: 'सेट वाय टू १६०', आणि एक्ससाठी 'पिक रँडम -२०० टू २००'. आंबा वर गेला की पुढच्या फेरीत 'टेकलाय का?'चं उत्तर आपोआप 'नाही' येतं. (स्क्रॅचचा रंगमंच ४८० बाय ३६० आहे, मध्यबिंदू शून्य-शून्य. वायची मर्यादा १८०, एक्सची २४०. ऋण संख्या आणि आलेखाचे अक्ष तिला शाळेत शिकवतील तेव्हा हे सगळं हाताखालून गेलेलं असेल. आजींना सांगायला हा मुद्दा बरा आहे.)

बॅकएंडवाल्यांची एक वेगळी अडचण होते, म्हणून तेवढं सांगतो. तुम्हाला सवय असते की प्रोग्रॅम नव्याने चालू केला की सगळं शून्यापासून सुरू होणार. स्क्रॅचमध्ये तसं होत नाही. मागच्या खेळातला गुण, पात्रांची जागा, पोशाख, सगळं आहे तिथेच राहतं. त्यामुळे 'गेम सुरू होतानाच स्कोअर ४२ का?' या तक्रारीचं उत्तर एवढंच की हिरव्या झेंड्याखाली (गेम सुरू करायच्या बटणाला जोडलेल्या स्क्रिप्टमध्ये) 'सेट स्कोअर टू ०' टाकायचं राहिलंय. दुसरं असं की हिरव्या झेंड्याखालच्या जितक्या स्क्रिप्ट असतील तितक्या एकदम सुरू होतात. एकीत स्कोअर शून्य होतोय आणि दुसरी त्याच क्षणी तो वाचतेय, असं झालं तर क्रमावर भरवसा ठेवता येत नाही. आधी सगळी मांडामांड एका स्क्रिप्टमध्ये, मग 'ब्रॉडकास्ट' करून (सगळ्यांना संदेश पाठवून) बाकीच्यांना सुरुवात, एवढी शिस्त पुरते. आणि 'इफ' जर 'फॉरेव्हर'च्या बाहेर असेल, तर तपासणी झेंडा दाबल्याच्या क्षणी एकदाच होते. नवशिक्या मुलांचा वेळ जातो तो बहुतेक याच तीन ठिकाणी.

तुमचे हात शिवशिवणारच. त्यावर उतारा: प्रोजेक्ट संगणकावर सेव्ह केला की '.एसबी३' फाइल मिळते. ती साधी झिप फाइल आहे. उघडलीत की आत 'प्रोजेक्ट.जेसन' आणि चित्रं-आवाजांच्या फायली दिसतील. ती झोपल्यावर खुशाल वाचत बसा, ग्राफ काढा, नावं ठेवा. फक्त सकाळी काही सुचवू नका.

तुम्ही ऑफिसात असताना ती अडली तर? रबरी बदकाला कोड समजावून सांगण्याची युक्ती तुमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या घरात बदकापेक्षा सरस सोय आहे, ती म्हणजे आजी. बदक प्रश्न विचारत नाही, आजी विचारतात. 'टेकलाय म्हणजे कोण कोणाला टेकलाय?' या प्रश्नाने जेवढे बग सापडतील तेवढे डिबगरने सापडणार नाहीत.

तरीही नाही सुटलं, तर मग अनोळखी लोकांना विचारायचं, आणि हे तिला आताच शिकवण्यासारखं आहे. मुलं लिहितात, 'प्लीज हेल्प, गेम चालत नाही.' त्याला कोणी उत्तर देत नाही. दुष्टपणाने नाही, उत्तर देता येण्यासारखं त्यात काही नसतं म्हणून. प्रश्न घडवायची पद्धत तुम्ही रोज वापरता. स्क्रॅचच्या फाइल मेनूत 'सेव्ह ॲज अ कॉपी' आहे. त्याने आधी प्रत काढायची, मूळ गेमला हात लावायचा नाही. प्रतीतली निम्मी पात्रं, निम्म्या स्क्रिप्ट उडवायच्या. बग अजून आहे? उरलेल्यातलं पुन्हा निम्मं उडवायचं. बग गेला? शेवटचं उडवलेलं परत आणायचं, कारण तो त्यात होता. दोनशे ब्लॉकचा गेमसुद्धा आठ वेळा असा अर्धा केला की एखाद-दुसरा ब्लॉक उरतो, आणि बऱ्याचदा प्रश्न विचारायची गरजच संपते. नाहीच संपली, तर मजकूर असा:

'आंबा पकडल्यावर मला १ गुण हवा आहे. मिळतात १२ ते १५. आंबा हळू पडला तर जास्त मिळतात. टोपली लहान करून बघितली, गुण कमी झाले पण १ झाला नाही. बग दिसेल एवढाच लहान प्रोजेक्ट सोबत दिला आहे.'

काय हवं, काय होतं, काय करून बघितलं, आणि बघायला लहानसा नमुना. आधी मराठीत लिहू द्या, मग दोघं मिळून इंग्रजी करा. आणि उत्तर देणाऱ्याला नंतर 'सुटलं, असं केलं' हे एका ओळीत कळवायचं. ते न कळवणारी मोठी माणसंही भरपूर आहेत.

आता 'चोर'. स्क्रॅच एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये तयार झालं, २००७ साली सर्वांसाठी खुलं झालं, आणि रीमिक्स हा सुरुवातीपासून त्याचा पायाच आहे. तिथे शेअर केलेला प्रत्येक प्रोजेक्ट क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक २.० या परवान्याखाली येतो. तुमच्या भाषेत, जीपीएलच्या (मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या) जवळपासचा भाऊ. घ्या, बदला, मूळ कर्त्याचं नाव द्या, आणि तुमचं बदललेलंही याच अटीवर पुढे सोडा. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं लिहिलेलं असतं. चाल दुसऱ्याची, शब्द आपले, आणि चाल कुठून घेतली ते सगळ्यांना दिसेल असं डोक्यावर. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. लेकीला परवान्याची कलमं वाचून दाखवण्यापेक्षा एखादं असं पुस्तक दाखवलंत तर लवकर पटेल.

म्हणजे ती शंभर टक्के बरोबर? तिला आधी विचारा, तू काय काय बदललंस? पार्श्वभूमीचा रंग आणि गेमचं नाव एवढंच बदललं असेल, तर कमेंट करणारा उद्धट आहे पण अगदीच बिनबुडाचं बोलत नाही. रीमिक्स केल्यावर मूळ प्रोजेक्टची लिंक स्क्रॅच आपोआप दाखवतं, तरी 'नोट्स अँड क्रेडिट्स'च्या चौकटीत हाताने लिहायची सवय लावा: मूळ गेम कोणाचा (वापरकर्ता-नाव), त्यातलं काय तसंच ठेवलं, मी काय बदललं, संगीत आणि चित्रं कुठून घेतली. संगीताकडे विशेष लक्ष द्या. सिनेमातलं गाणं टाकलं की परवान्याचा प्रश्न वेगळाच होतो, कारण ते मुळात त्या मुलाचंही नव्हतं आणि तिचंही नाही.

त्या कमेंटला उत्तर द्यायचंच असेल तर एकदाच, एका ओळीत: 'हा रीमिक्स आहे, तुमचं नाव क्रेडिटमध्ये दिलं आहे, मी अमुक बदल केलेत.' नंतर तो काहीही म्हणाला तरी गप्प. शिवीगाळ असेल तर उत्तर नाहीच, सरळ 'रिपोर्ट'. स्वतःच्या प्रोजेक्टखालची कमेंट तिला काढून टाकता येते, आणि त्या प्रोजेक्टवर कमेंट बंदही करता येतात. पुढचे दोन आठवडे नवा गेम टाकताना कमेंट बंद ठेवून बघा. आणि कधीतरी तिचाच गेम कोणी रीमिक्स करेल, तेव्हा ती तणतणत येईल, त्या दिवशी हे सगळं उलट्या बाजूने पुन्हा बोलावं लागेल. तयारी ठेवा.

डिस्कॉर्डवर उत्तर सरळ आहे: नाही. किमान वय १३ आहे. हा तेराचा आकडा आला अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून, तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्यावर त्याने बंधनं घातली आणि बहुतेक कंपन्यांनी तीच वयोमर्यादा उचलली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ पूर्ण होईपर्यंत मूलच धरलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. पण मुलीला कायदा सांगून भागणार नाही. जन्मसाल खोटं टाकल्याने प्रत्यक्ष काय बिघडतं ते सांगा. १९९५ टाकलं, तर ते खातं तिला तिशीतली बाई समजणार. लहानांसाठी आपोआप लागू होणारी बंधनं तिला लागू होणार नाहीत, मोठ्यांसाठीच्या खोल्यांची दारं उघडी राहणार, आणि उद्या काही तक्रार करायची वेळ आली तर पहिलं खोटं आपलंच निघणार. ते खातं कळल्यावर बंदही होऊ शकतं, त्यातल्या सगळ्या मैत्रीसकट. शिवाय तुम्ही स्वतः ते साल टाकून दिलंत, तर नियम गैरसोयीचा असला की बाबा खोटी माहिती भरतो, हेही ती त्याच दिवशी शिकली.

स्क्रॅच आणि डिस्कॉर्ड यांतला फरकही तिला दाखवा. स्क्रॅचवर खाजगी संदेश नाहीत. जे बोलायचं ते कमेंटमध्ये, चव्हाट्यावर, आणि तिथे शब्दांची चाळणीही आहे. डिस्कॉर्डवर ग्रुपमधला कोणीही थेट खाजगीत येऊ शकतो, आवाजी बोलणं आहे, फोटो आहेत. तोवर मैत्रीची हौस स्क्रॅचच्या 'स्टुडिओ'त भागेल. अनेकांचे प्रोजेक्ट एकत्र ठेवायची ती जागा आहे, तिथली चर्चाही सगळ्यांना दिसणारी. किंवा वर्गातल्या दोघी-तिघींना शनिवारी घरी बोलवा, एक लॅपटॉप, एक गेम, आणि पोहे. दोन वर्षांनी डिस्कॉर्ड घेतलंच, तर पहिल्याच दिवशी ग्रुपमधल्या सदस्यांकडून येणारे थेट संदेश बंद करा, मैत्रीच्या विनंत्या फक्त ओळखीच्यांच्या ओळखीतून येतील असं ठेवा, आणि 'फॅमिली सेंटर' जोडा. ती कोणाशी बोलते आणि कुठल्या ग्रुपात आहे एवढं त्यात दिसतं, मजकूर दिसत नाही. हे प्रमाण आम्हाला योग्य वाटतं.

धोका कसा दिसतो हे मात्र आत्ताच, नाव घेऊन सांगायला हवं. 'अनोळखी लोकांशी बोलू नको' याचा तिथे काही उपयोग नाही, तिथे सगळेच अनोळखी आणि बहुतेक तिच्यासारखीच मुलं. ओळखायचं ते वागणं. कोणीतरी खूप कौतुक करतं, मग 'इथे नको, तिकडे बोलू' म्हणतं, मग 'घरी सांगू नकोस' म्हणतं, मग फोटो मागतं. यातलं दुसरं पाऊल दिसलं की थांबायचं आणि तुम्हाला दाखवायचं. याच्या खालोखाल साधे त्रास: 'आपण मिळून गेम बनवू, पासवर्ड दे' (मग गेम, खातं दोन्ही जातं), 'फुकट रोबक्स (रोब्लॉक्स गेममधलं चलन) मिळतील, इथे लॉग इन कर', आणि 'मला फॉलो कर, मी तुला करते' ही अखंड चाललेली देवाणघेवाण, जिने धोका नसला तरी मूल आकडेच मोजत बसतं.

तसं काही घडलंच तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, ज्यात वापरकर्ता-नाव, तारीख-वेळ आणि पानाचा पत्ता दिसेल. मग रिपोर्ट करा, मग ब्लॉक. घाबरून आधी ब्लॉक केलं की कित्येकदा संभाषणच हाती लागत नाही. प्रकरण फोटो मागण्यापर्यंत किंवा धमकीपर्यंत गेलं असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा. महिला आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. सायबर हेल्पलाइन १९३०, मुलांसाठीची १०९८. आणि त्या दिवशी लॅपटॉप काढून घेऊ नका. सांगितल्याची शिक्षा मिळाली, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

पाय-होल बसवा हवं तर, जाहिराती कमी होतील. पण ते काम करतं डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) पातळीवर. अख्खं संकेतस्थळ अडवू शकतं, त्या संकेतस्थळाच्या आत कोणी काय कमेंट टाकली हे त्याला दिसत नाही, आणि मोबाइलच्या डेटावर गेलं की त्याचा संबंधच संपतो. कमेंट मेलवर आणणारी स्क्रिप्ट तुम्ही एका संध्याकाळीत लिहाल, याबद्दल शंका नाही. तिला ती सापडेल याबद्दलही नाही. तिच्या खात्यात 'मेसेजेस'चं पान आहे, कमेंट, रीमिक्स, आवडल्याच्या नोंदी सगळं तिथेच येतं. रविवारी सकाळी अर्धा तास ते पान तिच्या शेजारी बसून वाचा, तिच्या माहितीने.

खात्याची डागडुजी करा, फार वेळ लागणार नाही. नोंदणीचा मेल तुमचा असू द्या. जीमेलमध्ये नावापुढे अधिक चिन्ह आणि एखादा शब्द लावलात तर तिच्या खात्याचे मेल वेगळे गाळता येतात. पासवर्ड दोघांना माहीत असावा, तिसऱ्याला नाही. वापरकर्ता-नावात खरं नाव, शाळा किंवा जन्मसाल असेल तर ते बदलता येत नाही, स्क्रॅच तशी सोयच देत नाही. नवं खातं काढून प्रोजेक्टच्या '.एसबी३' फायली तिथे चढवाव्या लागतील. जुन्या खात्यावरचे फॉलोअर जातील, त्यावर भांडण होईल, तरी करा.

आणि एक जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही: 'साउंड्स'चा टॅब. मुलं माइकवरून 'हुर्रे', 'गेम ओव्हर' असं रेकॉर्ड करतात. हेडफोन लावून तिचे सगळे आवाज एकदा नीट ऐका. मागे आई तिला पूर्ण नावाने जेवायला हाक मारतेय, किंवा शाळेच्या बसवाल्याचा फोन चालू आहे, असं हमखास निघतं. 'कॉस्च्यूम्स'मध्ये कॅमेऱ्यातून काढलेला स्वतःचा फोटोही असू शकतो. प्रोजेक्ट शेअर झाला की 'सी इनसाइड' दाबून ते कोणालाही उतरवून घेता येतं. कापायची सोय एडिटरमध्येच आहे. मागचा आवाज कापा आणि पुन्हा सेव्ह करा.

आता लिंक्डइन. स्नेहसंमेलनाच्या फोटोत शाळेचं नाव मागच्या फलकावर असतं, मजकुरात तिचं वय, आणि तुमच्या खात्यावर तुमचं पूर्ण नाव आणि शहर. अनोळखी माणसाला जे सांगू नको म्हणून तुम्ही तिला बजावणार आहात, ते सगळं तुम्हीच एका पोस्टमध्ये दिलंय. शिवाय तो गेम तिचा होता आणि शाबासकी तुमच्या ओळखीच्यांनी तुम्हाला दिली, हेही तिला कळलं असणार. पोस्ट काढून टाका. काढण्याआधी तिला दाखवा, 'तुला न विचारता टाकली, चुकलं' म्हणा आणि डिलीटचं बटण तिला दाबू द्या. पुढे कधी गेमबद्दल लिहावंसं वाटलं तर मजकूर आधी तिला वाचायला द्या. ती 'नको' म्हणाली तर नको.

राहिल्या आजी. अभ्यासाचा मुद्दा त्यांचा अगदीच चूक नाही. वेळ ठरवून द्या, पण मिनिटांनी तोडू नका. गेम अर्धवट मोडलेल्या अवस्थेत लॅपटॉप बंद करायला लावला की पुढचा तासभर ती मनातून तिथेच असते. 'चालू स्थितीत आणून सेव्ह केलंस की बंद' हा नियम जास्त चांगला पाळला जातो, त्यासाठी दहा मिनिटं इकडे-तिकडे झाली तरी.

आणि तिच्या पुढच्या गेमची चाचणी आजींकडून करून घ्या. आजींना खुर्चीवर बसवायचं, गेम उघडून द्यायचा आणि लेकीने एक शब्द बोलायचा नाही, फक्त कुठे अडतात ते वहीत लिहायचं. आजी बाणाच्या कळा न दाबता पडणाऱ्या आंब्यावरच क्लिक करत बसल्या, तर ती आजींची चूक नाही. टोपली कशी हलवायची, हे गेममध्ये कुठेच लिहिलेलं नाही.